ऐकण्याचा पेपर

पनवेल,
१७ नोव्हेंबर १९९१

ती. सौ. ताईस,

अरूचा नमस्कार. तुम्ही सगळे चिपळूणला सुखरूप पोचल्याचं भावोजींचं कार्ड मिळालं. तुम्ही गेल्यावर घर अगदी ओकंबोकं झालं. चिवडा अजून उरलाय. अण्णा रोज संध्याकाळी वाटीभर घेऊन बसतात आणि मितालीची आठवण काढतात.

माझी परीक्षा जानेवारीत आहे, मुंबईला. ओहायोच्या प्राध्यापकांचं पत्र आलं. टोफेलचे, म्हणजे या इंग्रजीच्या परीक्षेचे, पुरेसे मार्क मिळाले तर ऑगस्टपासून जागा आणि स्कॉलरशिप दोन्ही नक्की, असं त्यांनी लिहिलंय. कारखान्यात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. वाचनाच्या भागाची मला मुळीच काळजी नाही. उतारे अवघड असतात, पण मजा येते. काल एक मधमाश्यांवर होता, एक कुठल्याशा जुन्या कालव्यावर. दोन्ही बिनचूक आले.

ऐकण्याचा भाग मात्र जमत नाहीये. मुंबईच्या लायब्ररीतून कॅसेटी आणल्यात. एक बाई काहीतरी विचारते, एक पुरुष उत्तर देतो, आणि मग तिसराच आवाज आपल्याला विचारतो की त्या पुरुषाला काय म्हणायचं होतं. बाईचं मला बऱ्यापैकी कळतं. तो माणूस मात्र तोंडात घास ठेवून बोलल्यासारखा वाटतो. तिकडच्या पुरुषांची तऱ्हाच तशी असणार. शिवाय कॅसेटी शंभर जणांनी वापरून झिजलेल्या आहेत. काल मी आवाज मोठा केला तर अण्णा बाहेरून ओरडले, "अगं, बारीक कर, तळ्यापर्यंत ऐकू जातंय!"

परवा हौसा कोळीण आली होती, करंजाहून पापलेटं घेऊन. मी ओट्याशी पाठमोरी होते. तिनं खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकले. म्हणाली, "बाय, कवापासून हाका मारतंय मी! ध्यान कुठं हाय तुजं? अमेरिकेत पोचलीस का काय?" आम्ही दोघी हसलो.

कारखान्यात मला काही अडचण येत नाही. तिथे यंत्रांच्या आवाजात सगळे ओरडूनच बोलतात.

ताई, सहज विचारते. तुझं कानाचं सुरू झालं तेव्हा नक्की कसं झालं होतं? एकदम, की हळूहळू? मला आठवत नाही, मी शाळेत होते. घाई नाही, सवडीनं लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

मितालीला पापा. भावोजींना नमस्कार.

तुझी
अरू


पनवेल,
८ डिसेंबर १९९१

ती. ताई,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तू लिहिलंस, "दिवाळीतच मला कळलं होतं. सगळे हसल्यावर तू हसत होतीस. मी अकरा वर्षं तेच करते." पत्र घेऊन मी मोरीत गेले आणि कडी लावून तिथेच बसून राहिले.

मागच्या पत्रात मी कॅसेटींना दोष दिला, अमेरिकेतल्या पुरुषांना दिला. आता खरं लिहिते. जेवताना कोणी बोललं तर मला काहीच कळत नाही, चावण्याचाच आवाज कानात भरतो. कानात सतत काहीतरी घोंघावतं, लांब कुठेतरी पंप चालू असल्यासारखं. वर्ष झालं असेल. परीक्षेचा अभ्यास सुरू केला नसता तर आणखी वर्षभर मी स्वतःला फसवत राहिले असते.

शुक्रवारी अण्णांबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक लोखंडी चिमटा वाजवला आणि कानासमोर धरला. मला जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. मग तोच चिमटा त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवला. ताई, इतका स्पष्ट, गोड आवाज आला की माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे आतला कान शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, आत एक घोड्याच्या रिकिबीसारखं इवलंसं हाड असतं, ते घट्ट बसत चाललंय. हलत नाही, म्हणून आवाज आत जात नाही. हा आजार बायकांत जास्त असतो, बाळंतपणात वाढतो, आणि घराण्यात चालतो.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे? आई, मावशी, बहीण?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "नाही. आमच्याकडे कुणालाच नाही."

डॉक्टर म्हणाले, "असेल तर दाखवायला आणा. ऑपरेशननं पुष्कळांना फरक पडतो. लोक उगीच वर्षानुवर्षं तेल घालत बसतात."

अण्णा भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होते.

तुझ्या वेळी आईनं लसणीचं तेल घातलं, डोक्याला फडकं बांधलं. बाळंतिणीला वारं लागलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तुला कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही. मिताली आता अकरा वर्षांची झाली.

रात्री मी अण्णांना विचारलं, "तुम्ही नाही का म्हणालात?"

त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "इथले डॉक्टर. उद्या गावभर झालं की दोन्ही बहिणींना तेच आहे, तर तुझं लग्न कोण करेल? मी किती दिवसांचा?"

"आणि ताई?"

"तिचं झालंय सगळं. तिच्या घरी ती सुखात आहे."

ताई, अण्णांच्या चेहऱ्यावर जी भीती होती तीच माझ्याही पोटात आहे, म्हणून मी त्यांच्यावर धड चिडूसुद्धा शकले नाही. मला कसली भीती वाटते ते तुला लिहिताना हात जड होतो. तू रागावशील. मला तुझ्यासारखं व्हायची भीती वाटते. दिवाळीत सगळे पत्ते खेळत होते आणि तू स्वयंपाकघरात एकटी करंज्या भरत होतीस. तुला कुणी बोलावलं नाही. मीही नाही. कारण तुला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. रात्री अंथरुणात पडल्यावर मी उशीवर नख घासून बघते, ऐकू येतंय का. दिवा घालवला की कुणाचे ओठ दिसत नाहीत, म्हणून अंधाराचीही भीती वाटायला लागलीय.

पण तुला दाखवायला हवं. हे मी सांगितलं नाही तर कुणीच सांगणार नाही. तू ये. मितालीच्या परीक्षा झाल्या की ये. भावोजी नाही म्हणाले तर मी त्यांना लिहीन. ऑपरेशनचा धोका आहे, तोही सांगते. शंभरात एखाद्याचा कान कायमचा जातो. पण तुझा तर आत्ताच गेल्यात जमा आहे.

शेवटचं वाक्य फार कठोर झालं. खोडलं तर तुला दिसेलच की काहीतरी खोडलंय, म्हणून राहू देते.

अरू


पनवेल,
१२ जानेवारी १९९२

ती. ताई,

"मी येते. एप्रिलमध्ये." तुझं एवढंच कार्ड आलं. मी ते अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी वाचलं, चपला घातल्या आणि बाहेर पडले. जेवणाची वेळ टळून गेल्यावर आले. म्हणाले, "तुला काय करायचं ते कर." त्यानंतर आम्ही दोघं कामापुरतंच बोलतोय.

काल परीक्षा झाली. सविस्तर लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

परीक्षेचा हॉल लांबलचक होता. पुढे टेबलावर एक मोठा स्पीकर ठेवलेला, आणि माझा नंबर अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. वाटलं, उठून घरी जावं. अण्णांना सांगावं की ताप आला. ताप आला की कुणी काही विचारत नाही.

पर्यवेक्षक बाई उत्तरपत्रिका वाटत वाटत आल्या. मी म्हणाले, "मला पुढे बसायचं आहे."

"नंबराप्रमाणेच बसायचं असतं."

"पण मला पुढेच बसायला हवं."

"का?"

त्यांनी जरा मोठ्यानं विचारलं. आजूबाजूची सगळी मुलं वळून बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मला तोंडानं म्हणायचं होतं. डॉक्टरांकडेसुद्धा मी 'जरा कमी येतं' एवढंच पुटपुटले होते.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

मला माझाच आवाज नीट कळत नाही, त्यामुळे ते बहुतेक सगळ्या हॉलला ऐकू गेलं असावं. एक मुलगा हसला. बाईंना वाटलं असणार, ऐकू येत नाही तर ही इथे आली कशाला? मग त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका मुलीला उठवून मागे पाठवलं आणि मला स्पीकरच्या समोर बसवलं.

त्या मुलीला मी सॉरी म्हणाले. ती काय म्हणाली ते कळलं नाही.

टेप सुरू झाली. सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. मग लांब भाषण लागलं, एका प्रोफेसराचं, जड आवाजाचं. मधली मधली वाक्यं नाहीशीच होत होती. मला फक्त 'बर्फ' आणि 'नदी' एवढं कळलं. बाकीचं मी दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत अंदाजानं भरलं. आपण दोघी रोज करतो तसंच. पेन्सिल घामानं निसटत होती. इतकी मी कधीच घाबरले नव्हते, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

वाचनाचा भाग आला तेव्हा हॉलमध्ये अगदी शांत झालं असणार. मला तर सगळीकडे सारखंच. पण त्या शांततेत माझ्यात आणि बाकीच्यांत काही फरक उरला नव्हता. ते तेवढे उतारे मी बाकी सगळं विसरून वाचले.

निकाल दोन महिन्यांनी लागेल. मला अंदाज आहे.

तू ये.

अरू


पनवेल,
३ मे १९९२

ती. ताई,

तुला जाऊन चारच दिवस झाले. डोक्यावरून पाणी घेऊ नकोस, नाक जोरात शिंकरू नकोस, जड घागर उचलू नकोस. तू ऐकणार नाहीस म्हणून भावोजींनाही वेगळं लिहिलंय.

तुझ्या समोर बोलता आलं नाही ते लिहिते. तुझं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी बाहेर बाकावर होते, मिताली माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तेवढ्यात अण्णा आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, हॉस्पिटलचा पत्ताही मी दिला नव्हता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. नर्स बाहेर आली आणि तिनं विचारलं, "शशिकलाबाईंचे कोण आहेत?"

अण्णा उठले. "मी वडील," म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून, तिनं विचारलेलं नसताना म्हणाले, "हिचाही. हिलाही तेच आहे. दोघींना आहे."

नर्सला त्याचं काय? ती औषधाची चिठ्ठी देऊन आत गेली. अण्णा चिठ्ठी हातात धरून किती वेळ तसेच उभे होते. मी म्हणाले, "बसा." बसले. माझ्याजवळ बसले.

आठवड्यानं कानातली पट्टी काढली तेव्हा तू डॉक्टरांकडे बघत होतीस. ट्रेमध्ये कात्री पडली आणि तू दोन्ही हातांनी कान झाकून घेतलास. रडकुंडीला आलीस, "फार मोठं आहे, सगळं फार मोठं आहे" म्हणत राहिलीस. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. आणि मिताली तुझ्या पाठीमागे दाराशी उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती नेहमी तुझ्या समोर येऊन, हनुवटी धरून, ओठ हलवून बोलते ना? ते न करता, होती तिथूनच, अगदी हळू म्हणाली, "आई, मला भूक लागलीय."

मला ते ऐकू आलं नाही. मला तुझी फक्त मान वळलेली दिसली.

नंतर मी मितालीला विचारलं, तू काय बोललीस? तिनं सांगितलं आणि म्हणाली, "मावशी, मला भूक नव्हती. पण दुसरं काही सुचलंच नाही."

तुला तिचा आवाज कसा वाटला, हे विचारायचं राहिलं. तिचा आवाज किंचित घोगरा आहे, अण्णांसारखा. का कोण जाणे, तुला तो नाजूक वाटत असेल असं मी धरून चालले होते.

निकालाचं तुला माहीतच आहे. वाचनात उत्तम, ऐकण्यात वाईट, आणि एकूण थोडे कमी. ओहायोच्या प्राध्यापकांना मी कारण कळवलं, काही न लपवता. त्यांचं उत्तर परवा आलं. जागा जानेवारीपर्यंत ठेवतील, पण परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. सवलत नाही. मीही मागितली नव्हती.

माझं ऑपरेशन पुढच्या सोमवारी, अकरा तारखेला. तुझं नीट झालं म्हणून माझंही होईल असा काही नियम नाही. डॉक्टरांना मी पुन्हा विचारलं, शंभरात एक म्हणजे नक्की कोण? ते हसले. मला हसू आलं नाही. तुझा कान जवळजवळ गेलेलाच होता, तुला गमावण्यासारखं थोडं होतं. माझा अजून अर्धा आहे. त्या अर्ध्यावर मी परीक्षा दिली, नोकरी केली, अण्णांचं खोकणं ओळखलं. तोही गेला तर? लोक म्हणतात, बहिणीचं बघ, किती छान झालं. मी मान हलवते. हसायचं तेव्हा हसते.

टेबलावर आपण जाग्या असतो, हे तू मला सांगितलंस. मध्येच डॉक्टर कानाशी कुजबुजतात आणि विचारतात, ऐकू आलं का? तुला आलं. मला त्या प्रश्नाचीच भीती वाटते. त्याचं उत्तर अंदाजानं भरता येणार नाही.

रविवारच्या गाडीनं येशील का? अण्णा तुला घ्यायला एसटी स्टँडवर येतील. त्यांनी स्वतःच विचारलं, "शशीची गाडी किती वाजता येते?" मितालीला घेऊन ये किंवा ठेवून ये, तुला जमेल तसं. मला धीर द्यायला येऊ नकोस. सगळं ठीक होईल, असं तू म्हटलंस तर मी चिडेन. तू नुसती माझ्या डाव्या बाजूला बस, त्या बाजूनं मला अजून थोडं येतं.

फार घाबरलेली,
तुझीच,
अरुंधती