पॅसेजमधली चप्पल

सोमवार, ३
अखेर लेकीकडे राहायला आलो. झकास खोली दिली आहे. कटिंगचं टेबल खिडकीच्या उजेडात. जन्मभर कटिंग मास्तर म्हणून राबलो, आता हौसेपुरतं करायचं. नातीला नाटकात न्यायाधीशाचं काम मिळालंय. तिचा काळा कोट मीच शिवणार. जावई म्हणाला, तयार आणू. म्हटलं, घरात मास्तर असताना?

गुरुवार, ६
पॅसेजमधून जाताना मागून कोणीतरी चप्पल घासत येतं. वळलं की आवाज बंद. जावयाचाच चावटपणा असणार. सासऱ्याची टिंगल करतो! लेकीकडे तक्रार केली, तर म्हणे तो अजून ऑफिसातच आहे.

सोमवार, १०
डोकं फिरलंय. कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या! ही चूक शिकाऊ पोरं करतात. एक बाही कापली की पॅटर्नचा कागद उलटा न करताच दुसरी कापतात. माझ्या हातून? शक्यच नाही. कोणीतरी उजवी पळवून तिथे डावी ठेवली. लेकीला फैलावर घेतलं. ती रडली, आणि निमूटपणे नवं कापड घेऊन आली.

बुधवार, १२
चप्पल काढून चाललो. तरी मागे तेच — सर्र.
टेबलाखाली खडूची पूड सांडली होती. त्यातून दारापर्यंत एका पायाचे ठसे. दुसऱ्याची नुसती रेघ. घरात मी एकटाच होतो. डाव्या पायाचा तळवा पाहिला — खडूने पांढराफटक.

शुक्रवार, १४
लेकीने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला. काळ्या कापडावर खडूचे ठिपके असावेत तसा. म्हणाल्या, बारीक रक्तवाहिन्या बंद पडत गेल्यात, कित्येक वर्षं, गुपचूप. तेवढा तेवढा भाग मेलाय. मला कळलं कसं नाही, विचारलं. म्हणे, बहुतेकांना कळतच नाही. गोळ्यांनी पुढचं लांबवता येईल. गेलेलं परत येत नाही.
नुसता संताप! चोर शिरला तर निदान एखादं भांडं तरी वाजतं.
लेकीने कात्री मागितली. दिली नाही.

शनिवार, १५
उद्या नाटक. कडी लावलीय. लेक दार ठोठावतेय — ठोठावू दे.
हे शेवटचं कापड. डोळ्यांत तेल घालून — पहिली कापली. उजवी. ठेवली बाजूला.
कागद उलटा केला. आत्ता केला? की मघाशीच केला होता, आणि आता पुन्हा —
कापली. एकीवर एक ठेवून बघतो.
दोन्ही उजव्या —