बाबांवरचा पिक्चर

३ फेब्रुवारी
संकल्प: लग्नाचे व्हिडिओ बंद. आता पिक्चर काढायचा. विषय बाबा. वेड्या बापाच्या घरात वाढणं म्हणजे काय, ते पडद्यावर आजवर कुणाला धड जमलेलं नाही. पिक्चरमधले वेडे एक तर केस उपटतात, नाहीतर शेवटी बासरी वाजवतात. माझा बाप खरा असेल. मी स्वतः बाबांवर अजिबात गेलेलो नाही, त्यामुळे तटस्थपणे काढता येईल.

५ फेब्रुवारी
ताईला फोन. म्हणाली, कशाला जुनी मढी उकरतोस. मग विचारलं, हल्ली झोपतोस ना? म्हटलं, झोपायला वेळ कुठाय! तिनं पुन्हा तेच विचारलं. तिला सिनेमातलं काही कळत नाही.

११ फेब्रुवारी, पहाट
पटकथा एका बैठकीत पूर्ण. बैठक तीन दिवस चालली. डोकं काय झकास चाललंय! बायको माहेरी गेली. मला शांतपणे काम करता यावं म्हणून असणार. जाताना रडत होती. तिचा स्वभावच हळवा.

१६ फेब्रुवारी
बाबांच्या भूमिकेला नट मिळाला. नाटकातला आहे. बाबा कसे बोलायचे, कसे हसायचे, विचारत होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत येरझाऱ्या घालत सगळं सांगितलं. तो नुसता माझ्याकडे बघत बसला. शिकायची तयारी दिसत नाही.

१९ फेब्रुवारी
सेटसाठी घरातल्या कपाटांची दारं काढली. बाबांनी एकदा अशीच काढली होती, बंद दाराआड विचार कुजतात म्हणून. ताई आणि मी जमिनीवर स्क्रू वेचत होतो. बाबा हसले की आम्हीही हसायचो. फार भीती वाटायची.
संध्याकाळी न्हाणीघराचंही दार काढलं. पटकथेत त्याची गरज नाही. पण हवा खेळती राहते.

२३ फेब्रुवारी
जुनं गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडून गेलं. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी म्हणे नवरीपेक्षा पंख्याचंच शूटिंग जास्त केलंय. लोकांना कला नको असते.

१ मार्च
शूटिंग. नट कमाल! बोलता बोलता मध्येच टाळी वाजवली, छताकडे बघितलं, खदखदून हसला आणि डोळे भरून आले. अंगावर काटा आला. बाबाच समोर! कॅमेरा बंद करून मी रडलो. दिग्दर्शन दिग्दर्शन म्हणतात ते हेच.

४ मार्च
ताईला फुटेज दाखवलं. नटही होता. पहिल्याच शॉटला तिनं तोंडावर हात ठेवला. म्हणाली, हे तर हुबेहूब बाबा. मी नटाला म्हटलं, बघा, मी सांगितलेलं कसं अंगात भिनलं! तो ओशाळला. म्हणाला, खरं सांगू का साहेब, तुम्ही इतकं भरभर बोलत होता की एक अक्षर कळलं नाही. मग तुमचंच बघून केलं.
 मी ताईला म्हटलं, नटांना श्रेय लाटायची खोडच असते. कुणी हसलं नाही.

७ मार्च
ताई आलीय. डॉक्टरांची वेळ घेतलीय, सहज जाऊन येऊ म्हणाली. तू चप्पल घाल, वाटेत मला पिक्चरचं सगळं सांग, मी ऐकते, म्हणाली. अगदी हळू, गोड, एकेक शब्द जपून.
हा आवाज मला माहीत आहे. लहानपणी ताई आणि मी बाबांशी ह्याच आवाजात बोलायचो. बाबांना तो फार आवडायचा.
मलाही बरं वाटलं. चप्पल शोधतोय.