पोर न्यायला कोण येणार

पुलाच्या कामावरून, ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी बरा आहे. दिवसभर परांचीवर लोंबकळतो, तिथं पाय कापत नाहीत. पण तुझ्या भावजयीनं पोरीला घरगुती पाळणाघरात घातल्यापासून घास उतरत नाही. पाळणाघर कसलं, एका बाईच्या घरातली पुढची खोली. करार केलाय, महिन्याच्या फीएवढी अनामत दिलीय. पोर काढायची तर महिनाभर आधी सांगायचं, नाहीतर अनामत बुडाली. न्यायला उशीर झाला तर त्याचे पैसेही त्यातूनच कापणार. तिनं पत्रात सगळं उतरवून पाठवलं, मी अक्षर लावत लावत वाचलं.

न्यायला कोण कोण येणार त्यांची नावं नि फोटो लागतात. तिनं तुझंही नाव घातलं होतं. मी ते खोडायला लावलं. रागावू नकोस. जेवढी नावं जास्त तेवढा घोळ, असं वाटलं. आता आई आणि बाप, बस. बरोबर केलं ना, ते कळव.

माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भिरभिऱ्या

घरून, ता. १९ जून

चि. भिरभिऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: पोर सुखरूप आहे, तिची आईही. मंगळवारी तुझी बायको शिवणाच्या कारखान्यात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेली. निरोप मिळाला तशी मी पाळणाघराकडे धावले. बाईंनी दाराची साखळी न काढता फटीतूनच सांगितलं, की तुमचं नाव खोडलंय. मी म्हटलं, सख्खी आत्या आहे, माझं नाक बघा नि तिचं बघा. त्या म्हणाल्या, नाक छान आहे, पण कागदावर नाही.

मग मी नाही नाही ते बोलले. आत पोर माझा आवाज ऐकून रडत होती. जन्मात एवढी घाबरले नव्हते रे. तशीच दवाखान्यात गेले, भावजय शुद्धीवर आल्यावर चिठ्ठी लिहून घेतली. बाईंनी तिथं फोन करून खात्री केली, मगच साखळी काढली. पोर त्यांच्या खांद्यावर झोपली होती, दूध पिऊन. उशिराचे पैसे अनामतीतून कापले.

मी निघताना त्यांनी आणखी एक अट सांगितली. कागदावर नाव असलं तरी मूल त्या माणसाला बिचकलं, तर आईला विचारल्याशिवाय देत नाहीत. आता माझं नाव घालायला सांग, शहाण्या.

जपून राहा, आणि ताईला विसरू नकोस.
तुझी ताई

पुलाच्या कामावरून, ता. २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझं नाव आधी घाल, मला विचारत बसू नकोस. तिच्या आईला म्हणावं, दोन दिवस कामावर जाऊ नकोस. कापले ते पैसे जाऊ देत. बाई साखळी काढत नाहीत हे कळलं, तेव्हा कुठं नीट जेवलो.

पण आता दुसरंच भय बसलंय. मी निघालो तेव्हा पोर कुशीवरही वळत नव्हती. सुट्टीवर आलो, दारात उभा राहिलो, आणि ती बाईंना चिकटून बसली तर? तिच्या आईला विचारल्याशिवाय बाई मला देणार नाहीत. देऊही नये. मुकादमाला सुट्टी मागितलीय, तो नुसता हुं म्हणतो.

दोन फोटो पाठवतोय. एक बाईंच्या कागदाला लावा. दुसरा पोरीच्या हातात द्या. तिनं चावला तरी चालेल.

लोभ आहेच, पोरीलाही माझ्यावर थोडा ठेवायला शिकव.
तुझा भिरभिऱ्या