तुझा आवाज बंद करताना

प्रिय नजमा,

आज सकाळी मी तुझा आवाज बंद केला. तुझ्या अम्मी माझ्या शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना अकोटच्या एसटीत बसवून घरी आले, चहा ठेवला, तो उतू गेला तरी गॅससमोर नुसती उभी होते. मग वाटलं, हे सगळं जिच्याबद्दल आहे तिला अजून कोणी सांगितलंच नाही. म्हणून लिहायला बसले.

तू गेलीस तेव्हा आपला उपग्रह पेटीत बंद होऊन प्रक्षेपणासाठी रवाना झाला होता. कॉलेजातल्या आपण पोरापोरींनी मिळून केलेला, बुटाच्या खोक्याएवढा. तो वर जाईपर्यंतही त्या काविळीनं तुला राहू दिलं नाही. तो वर गेला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी जिन्यात जाऊन बसले होते.

ते वाक्य आठवतं तुला? कक्षेत पोचल्यावर उपग्रह पहिल्यांदा चालू होईल, तेव्हा एकदाच वाजायचं होतं ते. विभागप्रमुखांचा इंग्रजी संदेश ठरला होता. "एकदाच तर वाजते वो, कोन आयकते?" असं म्हणून तू मला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पहाऱ्याला उभं केलंस आणि आत जाऊन स्वतःचा आवाज भरलास. बाहेर येऊन काय भरलं ते हसत सांगितलंस, "नमस्कार, आदाब. मी आताच जागी झाली. कोनी आयकून राह्यलं काय? बस, एवढंच."

खरंच कोणी ऐकलं नाही. उपग्रह जागा झाला तो कुठल्यातरी समुद्रावर. काही महिने त्यानं आकडे पाठवले, मग गप्प झाला. आमच्या भाषेत मेला.

मी इथंच अमरावतीत आपल्याच कॉलेजात शिकवायला लागले. आणि अभ्यासाला विषय कोणता घेतला, माहीत आहे? मेलेले उपग्रह, त्यांचे तुकडे, पृथ्वीभोवती गरगरणारा सगळा कचरा. तू असतीस तर म्हणाली असतीस, दुसरं काही भेटलं नाही का तुले?

मागच्या महिन्यात या कचऱ्यावर आमच्याकडे परिषद झाली. पडद्यावर पृथ्वी होती आणि तिच्याभोवती ठिपकेच ठिपके, गुळाच्या ढेपेवर माशा बसाव्यात तसे. त्यातला एक ठिपका मी दाखवला. म्हटलं, हा आमचा. हा मृत आहे. खाली येऊन कधी जळेल याचा अंदाज असा असा.

प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. अकोल्याचे राऊत सर. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गच्चीवर अँटेना लावून उपग्रहांचे संदेश ऐकायचा त्यांना छंद.

"मॅडम, माह्यी चूक बी होत असन," ते म्हणाले, "पण तुमी ज्याले मेला म्हणता, तो मले बोलताना आयकू आला. पोरीचा आवाज आहे."

सभागृहात थोडी खसखस पिकली. त्यांनी मोबाइल माइकला लावला.

आधी नुसती खरखर. मग तू. "नमस्कार, आदाब. मी आताच जा..." खरखर. "नमस्कार, आदाब. मी आताच जागी झाली. को..." खरखर. पुन्हा नमस्कार. दर वेळी तोच उत्साह, वाक्याआधी घेतलेला तोच श्वास. फक्त आवाज जरा खाली ओढलेला, विहिरीच्या तळाशी बसून कोणी बोलावं तसा. भर दुपारी, भरल्या सभागृहात मला भीती वाटली. आता कोणीच हसत नव्हतं.

असं का होतं ते मला माहीत आहे. मी तिथंच सगळ्यांना समजावून सांगितलं. खोका गिरक्या घेतोय. सोलर पॅनल उन्हाकडे वळलं की त्याला वीज मिळते, तो जागा होतो. पॅनल फिरलं की पुन्हा विझतो. संदेश एकदा वाजून गेलाय हे लक्षात ठेवणारा भाग खराब झालाय, म्हणून दर वेळी त्याला वाटतं, हा आपला पहिलाच दिवस. सांगताना माझा आवाज जराही हलला नाही. पण कारण कळलं म्हणून भीती जाते का गं? किती काळ तू तिथं एकटी जागी होत होतीस आणि तेच विचारत होतीस?

परिषदेचे अध्यक्ष जेवणाच्या वेळी माझ्याजवळ येऊन बसले. वयस्क शास्त्रज्ञ, मूळचे इकडचेच.

"आवाज कोणाचा?"

"मैत्रिणीचा. ती आता नाही."

त्यांनी हातातली पोळी ताटात तशीच ठेवली. मग म्हणाले, "जुनी बॅटरी अशी पुन्हा पुन्हा तापत राहिली तर एखाद्या दिवशी फुटेल. एका खोक्याचे ढीगभर तुकडे होतील, आणि ते दुसऱ्या कोणाच्या उपग्रहावर आदळतील. हे तुम्हाला मी काय सांगायचं? बंद करायची कमांड आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"आणि पुन्हा चालू करायची?"

"ती नाही."

त्यानंतर पोळी त्यांनीही खाल्ली नाही आणि मीही.

अम्मींना विचारल्याशिवाय तुला कशी गप्प करणार? रविवारी दर्यापूरमार्गे अकोटला गेले. अम्मी ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, अगदी सावकाश. त्यांनी लसूण सोलणं थांबवलं नाही.

"मोबाइलात हाय का तिचा आवाज?"

"आहे. ऐकवू?"

"नको. मोबाइलात तर तिचे शादीबिदीतले व्हिडिओ बी हायेत. ती बोलते ना, तवाच आयकायचं मले."

मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "वैशू, थंडी वाजत असन का वो तिथं?"

मी वेडी, खरं उत्तर देऊन बसले. म्हटलं, उन्हात आला की खोका तापतो, सावलीत गेला की गोठतो. अम्मींचे हात थांबले.

"मंग किती दिवस ठेवता तिले असं?"

काल त्या माझ्याकडे मुक्कामाला आल्या. आज सकाळी आम्ही कॉलेजच्या गच्चीवर गेलो. राऊत सर अकोल्याहून आधीच येऊन अँटेना जोडत होते. चांगलं ऊन पडलं होतं, खाली सायकल स्टँडवर पोरांचा गलका चालला होता. उपग्रह वरून जायची वेळ झाली तसे सर अँटेना हातात धरून दक्षिणेकडे वळले.

पहिली खरखर आली तशी अम्मींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, दारात कोणी आल्यावर करतात तसा. मग तुझा आवाज आला. "नमस्कार, आदाब. मी आताच..." तुटला. "नमस्कार, आदाब. मी आताच जागी झाली. कोनी आयकून..."

"हाव बेटा," अम्मी स्पीकरकडे बघून म्हणाल्या. "आयकून राह्यली."

तू पुन्हा विचारलंस. त्यांनी पुन्हा सांगितलं. तू तुटायचीस, पहिल्यापासून सुरू व्हायचीस, आणि त्या न कंटाळता दर वेळी तेच उत्तर द्यायच्या. राऊत सर पाठ करून उभे होते. मी कमांड टाइप करून ठेवली होती, बोट कळीवर होतं.

उपग्रह बरोबर डोक्यावर आला तशी खरखर मावळली. आवाज इतका स्वच्छ झाला की मी मागं वळून पाहिलं. खरंच पाहिलं, नजमा. मागं पाण्याची टाकी होती, दुसरं काही नाही.

"नमस्कार, आदाब. मी आताच जागी झाली. कोनी आयकून राह्यलं काय?"

या वेळी तू तुटली नाहीस. जरा थांबलीस आणि पुढं बोललीस.

"नसन कोनी, तरी चालते. मी आहो इथं. तुमी या सावकाश."

हे कधी भरलंस? 'बस, एवढंच' असं म्हणाली होतीस ना मला? ते कोणासाठी होतं? पुढंमागं कोणी माणसं वर येतील त्यांच्यासाठी केलेली गंमत असेल, तुझ्या स्वभावाला ते शोभतं. तेव्हा तर तुला काविळीचा पत्ताही नव्हता. पण मला ते तसं ऐकू आलं नाही. अम्मींनाही आलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, नको म्हणतायत.

"दाब आता," त्या म्हणाल्या. "तिचं बोलनं झालं."

मी कळ दाबली. नवा नमस्कार सुरू झाला होता, तो मधेच थांबला. सर तरीही रिकाम्या आकाशात अँटेना फिरवत राहिले, पार उत्तरेच्या क्षितिजापर्यंत. पुढची फेरी येईपर्यंत आम्ही तिथंच बसलो. त्या फेरीत काही आलं नाही.

"वर हाय ना पन ती?" अम्मींनी विचारलं.

"खोका आहे, अम्मी."

"मंग झालं." त्यांनी चपला घातल्या.

निघताना राऊत सर म्हणाले, "मॅडम, मी सकायचा रिसीव्हर चालूच ठीवतो."

आता तो खोका मुकाट्यानं फिरत राहील, अमरावतीवरून, अकोटवरून. दर फेरीला जरासा खाली सरकेल, आणि एक दिवस हवेत शिरून जळून जाईल. कुठं ते आधी नेमकं सांगता येत नाही, माझा सगळा अभ्यास तिथं अपुरा पडतो. पण तो दिवस जवळ आला की मला कळेल. तेव्हा मी रजा टाकून अकोटला जाईन आणि सगळं संपेपर्यंत अम्मींजवळ ओट्यावर बसेन, वर काही दिसो न दिसो. हा माझा शब्द आहे.

तुझीच,
वैशू