धुरावरचे मासे

१२ जाने., सोम.
हे घानाहून कायमचे परत आले, दिवाळीत. नऊ वर्षं तिकडे राइस मिलमध्ये फिटर. आता घरी रिकामं बसवत नाही. आज चिखलीहून तेलाचा रिकामा ड्रम आणला. अंगणात ठोकाठोक. खाली जाळाला तोंड, वर जाळी.
"काय करून राह्यले?"
"मासे धुरावाचे हायेत. तिकडं असेच टिकवतात."
सहावीच्या वह्या तपासायच्या राहिल्या.

१५, गुरु.
मासे जाळीतून विस्तवात पडले, कोळसा. हे हातपाय धुऊन उंद्रीच्या एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले, तासभर. कुठे जायचं तर नव्हतं. मी दोनदा दारात येऊन पाहिलं.

१८, रवि.
व्हिडिओ कॉल. बाईचा आवाज. हे तिला ड्रम दाखवत होते, तिकडच्या भाषेत बोलत होते. हसले. असे हसतात हे मला माहीतच नव्हतं. माझ्याशी नऊ वर्षं फोनवर काय, तर जेवली का, पाऊस आहे का.
फोन माझ्याकडे वळवला. "हे आबेना. आमच्या मेसमध्ये रांधायची."
माझ्याच वयाची. काहीतरी म्हणाली.
"म्हणते, मी बारीक झालो. तू खाऊ घालत नाई का म्हणते."
मी पिळलेले कपडे तसेच बादलीत टाकून आत आले.

२०, मंगळ.
फळ्यावर साधा भागाकार चुकला. पोरांनी दाखवला. पदराला धुराचा वास, दोनदा धुतला तरी.

२५, रवि.
जमले मासे. बाभळीचा मंद जाळ, सकाळपासून. मरळीचं शेपूट तिच्याच तोंडात अडकवून गोल केलेलं, काळपट, टणक. शेंगदाणे भाजून वाटले, टमाटे, मिरची, त्यात मासा कुस्करून पातळ रस्सा. तिकडे भाताच्या गोळ्यासोबत खातात. आम्ही भाकरीसोबत.
चांगला झाला होता. त्याचाच राग आला. दोन भाकरी खाल्ल्या.
"नुसती रांधायचीच ना ते?"
ह्यांनी ताटातला काटा काढून बाजूला ठेवला. मग, "मलेरिया झाला तवा तिनं हाच रस्सा पाजला, पाच दिवस. तुले सांगतलं नाई. घोर लागला असता."
"मी काय पुसलं?"
"काय सांगू आता."
नाही म्हणाले नाहीत.

२८, बुध.
मिलवाल्यांचा फोन. परत या, दोन वर्षांसाठी. शुक्रवारपर्यंत कळवा.
"तू म्हणशील तसं," म्हणतात. मी काऊन म्हणू?

३०, शुक्र.
शाळेतून आले तर हे धरणावर गेलेले. मासे आणायला. फोन घरीच, चार्जिंगला. वाजला. तीच, व्हिडिओवर.
उचलला. इंग्रजी ना तिला धड, ना मला. दोघी नुसत्या बघत राहिलो. मग मी सरळ मराठीतच विचारलं, "हे तुमचे कोण लागतात?"
तिनं नीट ऐकून घेतलं. मग बोलत सुटली. मध्येच डोळे पुसले, परत बोलली. एक अक्षर कळलं नाही. पण फोन ठेववेना.
एवढ्यात हे आले, ओली पिशवी घेऊन.
"काय म्हणते?"
"तुमीच सांगा मले. एकही शब्द गाळू नका."
फोन घेऊन ओट्यावर बसलेत. मिलला अजून कळवलेलं नाही. ती बोलतेच आहे, हे मान खाली घालून ऐकून राह्यले. मी दारात बसून लिहिते आहे.