भुऱ्या नाल्यावर काऊन थांबते

प्रिय रंजीता,

तुह्या रागाले आता वर्ष होत आलं. फोन केला तं तू उचलते, पन "बाबा बोलत असतीन तं दे, नाईतं राहू दे" म्हनते अन् ठेवून देते. म्हनून लिहून राह्यली. चौथीपर्यंतच शिकली मी, अक्षर वाकडं हाय, वाचून घे. फोनवर हे बोलताच येत नाई. तुहे बाबा बाजूलेच बाजेवर बसून रायते, सारं आयकते.

मोहर्लीच्या बाजारात तू पोरीले कडेवर घेऊन समोरून आली, अन् ते तुह्या बाजूनं निंगून गेले, मान बी वळवली नाई. तू तिथीच रडत म्हनली, "मनानं लगन केलं म्हनून मले मेलेलीच समजते हे." मंग सासरची, कोरपन्याची गाडी धरली अन् गेलीच. तुह्या लगनाच्या वक्ताले ते रागावले होते, खोटं काऊन सांगू? पन बाजारातल्या दिसाचं येगळं हाय. सांगते. आधी आपल्या कुत्र्याचं, भुऱ्याचं आयक.

आमी बाया चैतात फाटेफाटे मोह्याचे फुलं येचाले जातो तवा भुऱ्या पुढं चालते, तुले माहीत हाय. तो शेपूट पायात घालून थांबला तं वाघ हाय समजाचं अन् टोपल्या घेऊन मागं फिराचं. येवढ्या वर्षात त्यानं कोनाले फसवलं नाई. औंदा तो रोज नाल्यावर थांबाले लागला. थरथर कापे, मांग सरके, कुईकुई करे. आमी रोज मांग फिरलो. तिकडं झाडाखाली मोह्याचा सडा पडला, रानडुकरं अन् गाईढोरं खाऊन गेले. जंगलाच्या गारडनं नाल्यावर कॅमेरा लावला, त्यात चितळं निंगाले. वाघाची मिशी बी नाई. बाया मले बोलाले लागल्या, "भागीरथाबाई, तुहा कुत्रा मोह्याचा दुश्मन हाय का वं?" शेजारचा चैतू तं काठी घेऊनच आला, म्हने पिसाळला, मारून टाकतो. म्या म्हनलं, पिसाळला असता तं तुलेच आधी चावला असता, ठेव काठी.

कोनी म्हने देवाअंगाचं हाय, कोनी म्हने नजर लागली, मले ते काई पटत नाई. पन घरात पाह्यलं तं भुऱ्या कुडाच्या भिंतीले घासत घासत चाले. दाराशी म्या घमेलं ठेवलं तं त्यालेच धडकला. भाकर टाकली तं आधी नाकानं हुंगत शोधे. नाकातून रक्त आलं तवा म्या ऑटोत टाकून गुरांच्या दवाखान्यात नेला. ऑटोवाला कुरकुर करे, पोत्यावर बसवला तवा मानला.

तिथी साक्षी म्हनून नवी डॉक्टरीन हाय, तुह्याच वयाची. तिनं भुऱ्याच्या हिरड्या पाह्यल्या, पांढऱ्याफट्ट. कानात गोचीडं भरले होते. डोळ्यात लाईट मारला अन् म्हने, "आजी, हा गोचीडताप आहे. रक्त कमी झालं अन् डोळ्यांवरही उतरलं. उजेड कमी असला की याला दिसत नाही, म्हणून भितो." म्हंजे वाघ नोयताच, बाई. फाटेच्या अंधारात नाल्याचा उतारच त्याले दिसे नाई. अन् आमी साऱ्या बाया मांग फिरलो. डॉक्टरनीनं मंग इचारलं, रोजच्या वाटेनं बरोबर चालतो का, पण वस्तू हलवली की धडकतो? म्या म्हनलं हो. हाक मारली की आधी कान फिरवतो, मग तोंड? हो. संध्याकाळी बाहेर जायचं टाळतो? म्या हो म्हनलं अन् भुऱ्याले सोडून बाकावर बसली. ती म्हने, आजी काय झालं? म्या म्हनलं, काई नाई, गोळ्या दे.

भुऱ्या आता भाकर खाते. एक डोळा वाचंन म्हने डॉक्टरीन. औंदाचा मोहा गेला तं गेला.

रंजीता, मी तिथी भुऱ्याचं सांगून राह्यली होती, पन मले तुहे बाबा दिसून राह्यले होते. दिवेलागनीले ते आंगनाबाहेर पाय टाकत नाई, म्हनते गावात चांगलं कोन उरलं हाय बोलाले. चहा कपाबाहेर ओतते अन् मलेच रागावते, कप काऊन सरकवला म्हनून. सायकल इकली, म्हने गुडघे दुखते. परवा तुह्या पोरीचा फोटो दाखवला फोनमंदी. लय वेळ पाह्यला अन् मले म्हनले, "तुह्यावरच गेली वं, नाक तं अगदी तुहंच." फोनचा लाईट कवाचाच इझला होता, बाई. काळ्या काचीले पाहून हासत होते. म्या फोन काढून घेतला. डोळ्याच्या डॉक्टरकडं चला म्हनलं तं म्हनते, मी काय भुऱ्या हावो का? माह्यानं ते मानत नाई, अन् मी आता थकली. मोतीबिंदू हाय का दुसरं काई, मले काय समजते. चंद्रपूरले दाखवलं पाह्यजे, अन् ते तुह्याच सांगन्यानं उठतीन. बाजारात त्यायनं तुले टाळलं नाई, तू त्यायले दिसलीच नाई. येजो. पन मांगच्यासारखी चूपचाप समोर येऊन उभी राहू नको. फाटकापासूनच 'बाबा' म्हनून आवाज देत येजो.

वाट पाहून राह्यली,
तुहीच आई