पालीतली सात बंद घरं

मॅडम, मीरा रोडच्या तुमच्या घरात ओट्याला लागूनच टेबल होतं, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तुम्ही सूत्रं मांडायचात. नव्वदीची सुरुवात, माझी पहिलीच नोकरी. जन्मल्यावर महिन्याच्या आत किती बाळं दगावतात, हे आपण गावोगाव विचारत होतो. ज्या बायका भेटतच नाहीत त्यांचा अंदाज भेटलेल्यांवरून कसा बांधायचा, ही तुमची पद्धत. किती वर्षं तिच्यामागे लागला होतात! मी एकदा न भेटलेल्यांचे फॉर्म बाजूला काढले, तर केवढ्या कडाडलात. "सापडली नाही म्हणजे ती बाई नाहीच का गं? परत जा."

गेले परत पालीला, त्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळीवाड्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आधीच्या फेरीत सुटलेल्या सात सुना. पहिल्याच अंगणात एक पोरगी बोंबील वाळत घालतेय, ब्लाउज दुधानं भिजलेला. कडेवर बाळ नाही, घरात पाळणा नाही. सासू मला दारातच अडवते, "पोर न्हाय र्‍हायला, बाय. नको इचारू तिला." मी तशीच मागे फिरले. ऑफिसात दिले तेव्हा सातही फॉर्मांवर लिहिलेलं होतं, 'घर बंद'.

"कामाला गेल्या असतील," तुम्ही म्हणालात. "म्हणजे बाकीच्यांसारख्याच धरूया ना? तू पाहून आलीयेस."

"हो, मॅडम."

पुढे पालीच्या चर्चच्या दफनाच्या वहीत तान्ह्या बाळांच्या नोंदी आपल्या आकड्यापेक्षा जास्त निघाल्या. भर मीटिंगमध्ये तुम्ही उभ्या राहिलात, "दोष कुणाचा नाही, माझी पद्धतच चुकलीय." आणि मी तुमच्या शेजारी बसून चहात बिस्कीट बुडवत होते! लाज कशी वाटली नाही मला? ते सगळे कागद तुम्ही सुतळीनं बांधून माळ्यावर टाकलेत. नंतर कधी त्यांचं नाव काढलं नाहीत, मलाही कधी बोल लावला नाहीत. तेच मनाला जास्त खातंय.

तुम्ही गेल्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहायची हिंमत होतेय. त्या पोरीची दया आली म्हणून खोटं लिहिलं, असं मी आजवर स्वतःला समजावत आले. त्या एका घरापुरतं ते खरंही आहे. बाकीच्या सहा घरांकडे मी फिरकलेच नाही, मॅडम. ऊन फार होतं, आणि मला दुपारची बस गाठायची होती.